कारण न सांगता परत गेलेलं पनीर : अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना एका किराणा दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : दूषित खाद्यपदार्थ बाजारातून परत घेताना त्याची माहिती दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला देण्याबाबत

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी २७ वर्षं चालवतोय. डाळी, तेल, मसाले, ब्रेड, फरसाण आणि एका काचेच्या फ्रिजमध्ये दूध, दही, पनीर, श्रीखंड. आपल्या खात्याचं लायसन्स काउंटरच्या मागे फ्रेम करून लावलंय. आजवर आपल्याला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. ती कशी आली, ते आधी सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला डेअरीच्या मालाची गाडी दारात थांबली. मंगळवार हा त्या गाडीचा वार नव्हे. सेल्समन एरवी काउंटरवर टेकतो, चहा घेतो, स्कीम सांगतो. त्या दिवशी तो थेट फ्रिजकडे गेला आणि २०० ग्रॅम पनीरची पाकिटं उलटी करून मागचे आकडे वाचायला लागला. सहा पाकिटं काढून क्रेटमध्ये टाकली, तेवढीच नवी ठेवली.

"बदलून देतोय," म्हणाला.

एक्स्पायरीला अजून आठ दिवस होते. मी म्हटलं, मुदत असताना बदलून कशाला?

"वरून सांगितलंय, दादा. कंप्लेंट आहे."

"कसली?"

"ते आम्हाला नाही सांगत."

मी लेखी मागितलं. त्याने रिटर्नची चिठ्ठी फाडून दिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं 'डॅमेज'. आमच्या धंद्यात डॅमेज म्हणजे फाटलेलं, फुगलेलं नाहीतर उंदराने कुरतडलेलं पाकीट. ती सहाही पाकिटं धड होती, हवाबंद होती. पाच मिनिटांत गाडी पुढच्या दुकानाकडे गेली.

क्रेटमध्ये पाकिटं आली होती वीस. परत गेली सहा. उरलेली चौदा गावात गेलेली होती, आणि ती परत आणायला कुणीही आलं नाही.

मी उधारीची वही काढली. चौदातली नऊ वहीत सापडली, पाच रोखीत गेली होती, त्यांचा पत्ता लागणं अशक्य. नऊ घरांना फोन केले. शाळेमागच्या काकूंनी पनीर अजून फोडलं नव्हतं, त्या लगेच घेऊन आल्या. एकीने सकाळीच मुलीच्या डब्यात भुर्जी दिली होती. एकाने सांगितलं, कालच संपलं, चांगलं होतं की. एसटी डेपोतल्या एका मेकॅनिकच्या घरी फोन त्याच्या बायकोने उचलला. तिला आठवा महिना होता. मी म्हटलं, वहिनी, पनीर उरलं असेल तर खाऊ नका. तिने विचारलं, "काय झालंय त्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "परवाच खाल्लं मी. कच्चंच, मीठ-मिरी लावून."

मी म्हटलं, डॉक्टरांना सांगून ठेवा. तिने विचारलं, काय सांगू? त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाळ-बाळंतीण आता सुखरूप आहेत. पण पुढचे दोन महिने मेकॅनिक दुकानात आला की माझी नजर आधी त्याच्या चेहऱ्याकडे जायची.

कंपनीचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही, कारण पनीरमध्ये खरंच काय होतं हे मला आजही माहीत नाही. वास असेल, वजन कमी भरलं असेल, छपाई चुकली असेल किंवा जंतू सापडले असतील. यातलं पहिलं-दुसरं असेल तर मी नऊ घरांना विनाकारण घाबरवलं. शेवटचं असेल तर मी केलं ते फारच थोडं होतं. या दोन्हींत मला फरक करता आला नाही, ही माझी तक्रार आहे.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. पहिलीच गोष्ट अशी कळली की आम्ही दुकानदार आणि गिऱ्हाईक ज्यावर विसंबतो ते नाक या कामाचं नाही. दूध नासलं, दही आंबलं, ब्रेडला बुरशी आली, तर कळतं. पण साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे रोग करणारे जंतू असलेल्या पदार्थाचा वास, रंग, चव अगदी नेहमीसारखी असू शकते. कोरड्या मसाल्यात आणि दुधाच्या पावडरीत साल्मोनेला महिनोन् महिने तग धरतो. डीप फ्रीझरमध्ये तो गोठून निपचित पडतो, मरत नाही. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. खाल्ल्यापासून आजार दिसायला त्याला कधीकधी ७० दिवसही लागतात, आणि गरोदर बाईला साधा ताप आल्यासारखं वाटून पोटातलं मूल दगावू शकतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वहिनींना मी काय विचारायला हवं होतं आणि डॉक्टरांना काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हा समजलं.

माझी भाची न्यू जर्सीत असते. मी हा किस्सा तिला सांगितला, तेव्हा तिने जुलै २०२५ मधला एक फोटो पाठवला. तिथल्या भारतीय किराणा दुकानातल्या फ्रीझरच्या दारावर चिकटवलेला कागद. त्यावर पाकिटाचं चित्र होतं आणि पाकीट होतं मोड आलेल्या गोठवलेल्या मटकीचं. आपल्या उसळीची, मिसळीची मटकी. सोबत मोड आलेले मूगही होते. लॉट नंबर (आपण बॅच नंबर म्हणतो तोच, एका खेपेत बनलेल्या मालाचा) कुठे छापलाय, कोणते नंबर परत करायचे, का करायचे (साल्मोनेला), घरच्या फ्रीझरमध्ये पाकीट असेल तर काय करायचं, ते जिथे ठेवलं होतं ती जागा गरम साबणाच्या पाण्याने पुसायची, पैसे परत कसे मिळतील, सगळं एका पानात. सरकारने पहिली माहिती जाहीर केली तेव्हा दहा राज्यांत मिळून ११ जण आजारी होते आणि त्यातले ४ दवाखान्यात होते. कुणीही दगावलेलं नव्हतं.

महोदय, ११ माणसं. एवढा मोठा देश, दहा राज्यांत विखुरलेली ११ माणसं, आणि त्या सगळ्यांचं दुखणं मटकीच्या एका पाकिटापर्यंत नेऊन पोहोचवलं. हे कसं जमतं तेही भाचीने समजावलं. रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यात जो जंतू मिळतो, त्याची जनुकीय ओळख प्रयोगशाळा एका सामायिक जाळ्यावर टाकतात. १९९६ पासून त्यांच्याकडे हे जाळं आहे. वेगवेगळ्या गावांतल्या रुग्णांचे ठसे जुळले की अधिकारी फोन करून विचारतात, गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं? मग दुकानाच्या पावत्या बघतात.

आपल्याकडे मटकी लोक शिजवून खातात म्हणून पुष्कळ वेळा निभावतं. पण मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते, आणि कच्ची मोडाची मटकी भेळेत, कोशिंबिरीत आपणही खातो. आमच्या आठवडी बाजारात ती टोपलीत ओल्या फडक्याखाली विकायला असते. तिला लॉट नंबर नसतो आणि असावा असंही मी म्हणत नाही. त्या बाईवर कागदपत्रांचं ओझं टाकायला हे पत्र नाही. मी बोलतोय ते छापील पाकिटाबद्दल, ज्याच्यावर लायसन्स आहे, बॅच आहे, तारीख आहे, आणि तरीही जे परत नेताना कुणी काही सांगत नाही.

दुसरी एक गोष्ट मला लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये एमडीएचच्या सांबार मसाल्याचे काही लॉट उत्तर कॅलिफोर्नियातल्या दुकानांतून साल्मोनेलामुळे परत मागवले गेले. २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या सांबार मसाल्यावर आणि गरम मसाल्यावर अमेरिकेत तीच वेळ आली. तेच लॉट आपल्याकडे विकले गेले असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. पण हे मसाले मी रोज विकतो. माझ्या फळीवरच्या मसाल्याबद्दलची शंका मला कॅलिफोर्नियातून कळावी आणि आपल्या कार्यालयातून त्यावर मराठीत दोन ओळीही येऊ नयेत, याचं वाईट वाटतं. "इथल्या बाजारातले नमुने तपासले, ठीक निघाले" एवढं जरी आलं असतं तरी मी ते काउंटरवर लावलं असतं.

आपल्याकडे कायदा नाही म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेत २०११ पर्यंत लहान बाळांची दूध पावडर सोडली तर बहुतेक खाद्यपदार्थ सक्तीने परत मागवायचा अधिकारच त्यांच्या अन्न खात्याला नव्हता. आपला कायदा २००६ चा आहे. त्याचं कलम २८ मी तीन-चार वेळा वाचलं. आपला माल कायद्याला धरून नाही असं कंपनीला वाटलं, किंवा तसं वाटायला कारण असलं, तर तिने तो ताबडतोब बाजारातून आणि ग्राहकांकडून, कारण सांगून, मागे घ्यायचा आणि अधिकाऱ्यांना कळवायचं. 'ग्राहकांकडून' आणि 'कारण सांगून' हे दोन्ही शब्द कायद्यातच आहेत. माझ्या दुकानात त्या मंगळवारी यातलं अर्धंच झालं. बाजारातून माल गेला. ग्राहकांकडे कुणी फिरकलं नाही आणि कारणाच्या जागी 'डॅमेज' लिहिलं गेलं.

पुढे २०१७ मध्ये माल परत मागवण्याचे वेगळे नियमही आले. त्यात उत्पादक, आयातदार, घाऊक विक्रेता यांनी रिकॉलची योजना तयार ठेवायची आहे. किरकोळ दुकानदाराला त्यातून सूट आहे. सूट दिलीत ते बरं केलंत, माझ्यासारख्याला ती योजना लिहिता आली नसती. पण योजना मोठ्यांची आणि गिऱ्हाईक समोर येतं ते आमच्या. साखळीची शेवटची कडी आम्ही आहोत आणि सगळ्यात कमी माहिती आमच्याकडे येते.

बातमी खाली पोहोचत नाही, हे कारण मला पटणार नाही. जून २०१५ आठवा. मॅगी परत मागवली तेव्हा मुद्दा जंतूंचा नव्हता, शिशाचा होता, आणि पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्दही केली. त्या वादात मी पडत नाही. मी एवढंच पाहिलं की दोन दिवसांत डोंगरावरच्या वाडीतली आजी नातवाच्या हातून पाकीट काढून घेऊन माझ्याकडे परत आली होती. देशभरातून हजारो टन माल मागे गेला. टीव्ही, पेपर, रिक्षावरचा भोंगा, सगळ्यांनी काम केलं. अलीकडे जानेवारी २०२५ मध्ये पतंजलीच्या लाल मिरची पावडरीचा चार टन माल कीटकनाशकाच्या अंशामुळे परत मागवला गेला, तेव्हा बॅच नंबरसकट बातमी छापून आली. माझ्याकडे तो माल नव्हता, तरी चार गिऱ्हाइकांनी घरातली २०० ग्रॅमची पाकिटं आणून माझ्याकडून नंबर वाचून घेतला. लोक बघतात, महोदय. नंबर दिला तर माणसं चष्मा लावून बघतात.

इथे दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्या मनातून जात नाही. २०१७ च्या मध्यापासून तिथल्या रुग्णालयांत लिस्टेरियाचे रुग्ण वाढायला लागले. महिने गेले, कारण सापडेना. रुग्णांत जवळपास ४० टक्के नवजात बाळं होती. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोच्या एका पाळणाघरातली काही मुलं ताप आणि जुलाब घेऊन ख्रिस हानी बारागवनाथ रुग्णालयात आली. तिथल्या बालरोगतज्ज्ञाला अन्नाचा संशय आला. औषध देऊन मुलांना घरी पाठवून तो विषय संपवता आला असता, पण साथरोग संस्थेला कळवलं गेलं. आरोग्य निरीक्षक पाळणाघरात गेले, फ्रिज उघडला आणि आतलं पोलोनी नावाचं तयार मांस तपासायला नेलं. तो धागा पोलोक्वानेच्या एका कारखान्यापर्यंत गेला. ४ मार्च २०१८ रोजी आरोग्यमंत्री आरोन मोत्सोआलेदी यांनी जाहीर सांगितलं की हा माल खाऊ नका. एकूण रुग्ण १,०६० आणि मृत्यू २१६. लिस्टेरियाची जगातली नोंदलेली सगळ्यात मोठी साथ ती. एका डॉक्टरच्या कळवण्याने ती उलगडली, आणि तोपर्यंत कित्येक बाळं गेलेली होती.

आमच्या तालुक्यात जुलाब-उलटीचे रुग्ण रोज येतात. सलाईन लागतं, गोळ्या मिळतात, माणूस घरी जातो. काय खाल्लं हे विचारलं तर "बाहेरचं खाऊ नका" एवढ्यावर थांबतं. लग्नात किंवा महाप्रसादात शंभर माणसं एकदम आजारी पडली तर सरकारी नोंद होते, पेपरात येतं. पण एकाच पाकिटाने चार गावांत चार माणसं आजारी पाडली तर ती चार माणसं कधीच एकमेकांना भेटत नाहीत. आपल्याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये ठरावीक भागातल्या डॉक्टरांना अन्नविषबाधेची प्रत्येक घटना कळवायला लावायची सोय आहे. अधिसूचना काढण्याचा अधिकार प्राधिकरणाचा आहे. ती आमच्या तालुक्यातल्या बीएएमएस, एमबीबीएस डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचवा. एक फोन नंबर द्या, एक ओळीचा फॉर्म द्या. मोठ्या अर्जाला डॉक्टरांकडे वेळ नाही, हे मी त्यांच्या दारातली रांग बघून सांगतो.

आता तपासणीचं. नमुना हातात आल्यापासून १४ दिवसांत अन्न विश्लेषकाने अहवाल द्यायचा, असं कायदा म्हणतो. हवाबंद पनीरची मुदत असते पंधरा दिवसांच्या आसपास. म्हणजे नमुना घेतला त्या दिवशीचा माल अहवाल येईपर्यंत लोकांच्या पोटात गेलेला असतो. तेलाच्या किंवा हळदीच्या भेसळीला १४ दिवस चालतील. ताज्या मालाच्या जंतूतपासणीला वेगळी, लवकरची मुदत हवी, आणि नमुना बर्फाच्या पेटीतून, निर्जंतुक डब्यातून जायला हवा. माझ्या माहितीप्रमाणे गिऱ्हाइकाला स्वतः पैसे भरून तपासणी करून घ्यायचा हक्क कलम ४० ने दिलाय. पण नासणारं पनीर पिशवीत घेऊन एसटीने पुण्याला कोण जाणार?

यात आम्हा दुकानदारांच्या चुका आहेत, त्या लपवून आपल्याकडे बोट दाखवणं मला जमणार नाही. वीजबिल वाचवायला रात्री फ्रिज बंद करणारी दुकानं आहेत. पूर्वी काही वर्षं मीही ते केलंय. सकाळी परत लावला की पाकीट गार लागतं, वाटतं काही बिघडलं नाही. एका डेअरीच्या म्हाताऱ्या सुपरवायझरने एकदा दुधाच्या पिशवीत थर्मामीटर खुपसून दाखवलं, पहाटे आतलं दूध १९ अंशांवर होतं. ते पाच अंशांखाली राहायला हवं. त्या दिवसापासून माझा फ्रिज बंद झालेला नाही आणि लाइट चार तासांवर गेली तर मी पनीर विकत नाही. हे मला लायसन्स काढताना कुणी सांगितलं नव्हतं, थर्मामीटरने सांगितलं. कारखान्यात पडलेला एक जंतू माझ्या बंद फ्रिजमध्ये लाख होतो, हे प्रत्येक दुकानदाराला असं दाखवून द्या. नोटीस बजावण्याआधी एकदा दाखवा.

कंपन्यांची बाजूही मी ऐकली आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणतात, कारण जाहीर केलं तर घबराट होईल, ब्रँड बुडेल. माझा अनुभव उलटा आहे. मी नऊ फोन केले, कारण सांगू शकलो नाही, आणि पुढचा महिनाभर आमच्या गल्लीत कुठल्याच कंपनीचं पनीर खपलं नाही. ज्यांचा काही दोष नव्हता त्या डेअऱ्यांचा मालही पडून राहिला. 'अमुक बॅच, अमुक तारीख, बाकी माल ठीक' असा कागद माझ्या हातात असता तर मी तो फ्रिजवर चिकटवला असता आणि नवं पनीर त्याच दिवशी विकलं असतं. न सांगण्याने जे काही वाचतं ते कंपनीचं, आणि तेही थोडेच दिवस.

फ्रान्समध्ये २०१७ च्या डिसेंबरात एका मोठ्या दुग्धकंपनीची बाळांची पावडर साल्मोनेलामुळे परत मागवली गेली. ८३ देश आणि १ कोटी २० लाखांवर डबे. त्यानंतरही काही बड्या साखळी दुकानांच्या काउंटरवरून ते डबे विकले गेले, त्यांनी स्वतः कबूल केलं. शिकलेला देश, संगणकावरची बिलं, तरी असं झालं. म्हणून तिथे एप्रिल २०२१ पासून परत मागवलेल्या प्रत्येक वस्तूची यादी एकाच सरकारी ठिकाणी, चित्रासकट, सगळ्यांना खुली असते. ब्रिटनमध्ये तर नाव नोंदवलं की इशारा मोबाइलवर येतो.

आपल्याकडे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. लायसन्स काढताना माझा नंबर आपण घेतलाच आहे. नूतनीकरणाची आठवण त्यावर वेळेत येते. त्याच नंबरवर "अमुक कंपनी, अमुक पदार्थ, अमुक बॅच, विक्री थांबवा, कारण अमुक" एवढा मेसेज मराठीत पाठवायला नवीन कायदा लागत नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या परवानाधारकांना तो एकाच वेळी गेला तर सेल्समनच्या मर्जीवर काही राहणार नाही. आणि कंपनीने परत मागवलेल्या मालासोबत एक छापील कागद दुकानदाराला देणं सक्तीचं करा, जो मी दर्शनी भागात निदान महिनाभर लावीन. लिस्टेरियाचा संशय असेल तर दोन महिने. त्या कागदावर गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांनी काय करायचं ते ठळक अक्षरात हवं. परतीच्या चिठ्ठीत 'डॅमेज' लिहून रिकॉल उरकणाऱ्यावर कारवाई करा. तो शब्द तिथे खोटा आहे.

बॅच नंबरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळं त्यावर अडतं. माझ्या शेजारी मेडिकलचं दुकान आहे. पाच रुपयांच्या गोळ्यांचं बिल केलं तरी त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. माझ्याकडे डेअरीचं जे बिल येतं त्यावर फक्त 'पनीर २०० ग्रॅ. x २०'. त्या वीस पाकिटांत दोन बॅच मिसळलेल्या असतील तर मला कळायला मार्ग नाही. पाकिटावर नंबर असतो, पण बऱ्याचदा तो शिवणीवर ठिपक्यांनी उठवलेला, दव धरलं की पुसणारा, माझ्या वयाच्या माणसाला उजेडात तिरका धरून वाचावा लागणारा. २०२२ पासून बिलावर १४ आकडी लायसन्स नंबर टाकायचा नियम आपण आणलात, तेव्हा आम्ही आठवड्याभरात रबरी शिक्के करून घेतले. तसाच नियम डिस्ट्रिब्युटरच्या बिलावर बॅच नंबर टाकण्याचा करा, सुरुवात दूध, पनीर, श्रीखंड, बाळांचे पदार्थ आणि गोठवलेल्या मालापासून. दूषित अन्नाने माणूस दगावला तर निदान पाच लाख रुपये भरपाई कलम ६५ मध्ये आहे. पण पाकीट कचऱ्यात, बिलावर बॅच नाही आणि कंपनीच्या कागदावर 'डॅमेज', तर त्या घराने काय दाखवायचं?

आपल्या राज्यातल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांवर किती भार आहे ते मी जाणतो. आमच्याकडे येणारे साहेब दिवाळीआधी खव्यामागे आणि एरवी गुटख्यामागे धावत असतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते भले माणूस आहेत. पनीरच्या प्रकारानंतर मी १८००-२२२-३६५ या आपल्या टोल फ्री नंबरवर फोन केला, तो उचलला गेला, नाव-गाव लिहून घेतलं. तिथल्या ताईंनी विचारलं, "पाकीट आहे का तुमच्याकडे?" काकूंनी परत आणलेलं एक होतं. पण मंगळवारच्या त्या घाईत मी ते सेल्समनच्या मागे धावत जाऊन गाडीत टाकून आलो होतो. दूषित माल दुकानात नको, एवढंच डोक्यात होतं. तो पुरावा आहे हे सुचलं नाही. त्यामुळे, रिकॉल झालेल्या मालातलं एक पाकीट दुकानदाराने सीलबंद करून, 'विक्रीसाठी नाही' लिहून, आपला अधिकारी येईपर्यंत कसं ठेवायचं, हेही आम्हाला शिकवा.

त्या पावसाळ्यापासून माझ्या उधारीच्या वहीत एक रकाना वाढलाय. तारीख, नाव, वस्तू, रुपये आणि आता बॅच. फ्रिजमधल्या मालापुरताच, सगळ्यासाठी जमत नाही. रोखीच्या गिऱ्हाइकाचा फोन नंबरही विचारतो. काही जण देतात, काही हसून नको म्हणतात. मेकॅनिकची बायको आता बाळाला कडेवर घेऊन येते. मागच्या आठवड्यात तिने पनीर मागितलं, मी फ्रिजमधून काढलं, तर आधी पाकीट उलटं करून नंबर तिनेच वाचला आणि म्हणाली, "लिहा, दादा." मी लिहिला. त्या नंबरबद्दल काही कळवायचं असेल तर माझा मोबाइल आपल्याकडे नोंदवलेला आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार
जि. सातारा